अस्सल आणि नक्कल

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना दौलताबादचा किल्ला मागे पडला की खुलताबादच्या अलीकडे कागजीपुरा हे लहानसे गाव लागते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलवली. तिच्यामागोमाग आलेल्या कागद करणाऱ्या कारागिरांनी हे गाव वसवले, असे परंपरा सांगते. चिंध्या भिजवून, कुटून त्यांचा लगदा करायचा, तो साच्यावर धरून पाणी गाळायचे, ताव वाळला की खळ चढवायची आणि गुळगुळीत दगडाने घोटून त्याला झळाळी आणायची, ही हातकागदाची जुनी रीत. वेरूळला जाणाऱ्या बहुतेकांची गाडी तेथे थांबत नाही. व्यापारी माणसाची तरी थांबावी. त्याच्या पूर्वजांच्या वह्या अशाच कागदावर लिहिल्या गेल्या.

व्यापारी घरात कागदाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. रोजमेळावरून खतावणी होते, खतावणी गहाळ झाली तर रोजमेळावरून ती पुन्हा उभी करता येते. दस्त हाती आला की पहिला प्रश्न येतो तो अस्सल आहे की नक्कल, आणि शहाणा माणूस दोन्ही एका पेटीत ठेवत नाही. फोटोग्राफीच्या आरंभकाळाकडेही याच दोन शब्दांच्या आधाराने पाहता येते. उजेडाकडून चित्र उमटवून घेणे हा त्या शोधाचा अर्धाच भाग होता. उमटलेले चित्र टिकावे कसे आणि एका चित्राची दुसरी प्रत निघावी कशी, हे दोन प्रश्न कागदावर सुटले, तेव्हाच आजच्या अर्थाने फोटो जन्मास आला. आणि त्या दुसऱ्या प्रश्नाची किंमत काय असते, हे अजिंठ्याइतके स्पष्टपणे जगात क्वचितच कोठे दिसले असेल.

आरंभ मेणबत्तीपासून करावा लागतो. १८०२ साली इंग्लंडमध्ये थॉमस वेजवूड आणि हंफ्री डेव्ही यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. चांदीच्या क्षारात भिजवलेल्या कागदावर किंवा पांढऱ्या कातड्यावर झाडाचे पान ठेवून ते उन्हात धरले की उघडा भाग काळा पडे आणि पानाखालचा भाग पांढरा राही. पानाचे हुबेहूब चित्र मिळे, पण उचलून उजेडात पाहू लागावे तो पांढरा भागही काळवंडू लागे. म्हणून ती चित्रे अंधारात ठेवून मेणबत्तीच्या मंद प्रकाशात, तीही क्षणभर, पाहावी लागत. पाहण्यानेच जे नष्ट होते असे चित्र काय कामाचे? प्रश्न तेथेच अडला आणि जवळजवळ तीस वर्षे अडून राहिला.

तो सोडवणारा माणूस विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट. गणिती, भाषांचा अभ्यासक, पार्लमेंटचा सभासद आणि लॅकॉक ॲबी या घराण्याच्या वाड्याचा धनी. त्याला सर्व काही येत होते, फक्त चित्र काढता येत नव्हते. ऑक्टोबर १८३३ मध्ये इटलीतील कोमो सरोवराच्या काठी एका दृश्योपकरणाच्या साहाय्याने निसर्गदृश्य रेखाटण्याचा त्याचा प्रयत्न फसला, आणि निसर्गाने स्वतःच कागदावर उमटावे अशी काही सोय होईल का, हा विचार त्याच्या मनात आला. घरी परतल्यावर १८३४ पासून त्याने प्रयोग मांडले. साधने साधी होती. लिहिण्याचा उत्तम कागद, मीठ आणि चांदी. कागद मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा आणि वर सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवायचा. चांदी नायट्रिक आम्लात, म्हणजे सराफ्यातल्या तेजाबात, विरघळवली की सिल्व्हर नायट्रेट मिळते. या प्रयोगांत त्याच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. मीठ बेताचे असले तर कागद उजेडाला चटकन जागा होतो, आणि मीठ पुष्कळ झाले तर तोच कागद झोपी जातो. मग चित्र उमटल्यावर कागद खारट पाण्यात बुडवावा म्हणजे उरलेली चांदी उजेडाला दाद देणार नाही! वेजवूडची मेणबत्ती या चिमूटभर मिठाने विझवली.

टॅलबटने लहान लहान लाकडी पेट्या करून घेतल्या, त्यांना भिंगे बसवली आणि वाड्याभोवती जागोजागी मांडून ठेवल्या. त्याची पत्नी कॉन्स्टन्स त्यांना उंदीर पकडायचे सापळे म्हणे. अशाच एका सापळ्यात ऑगस्ट १८३५ मध्ये वाड्यातील जाळीदार खिडकी सापडली. ते चित्र टपालाच्या तिकिटापेक्षा फारसे मोठे नाही. त्यात खिडकीचा उजेड काळा आणि तावदानांमधल्या पट्ट्या पांढऱ्या आहेत. आज उपलब्ध असलेली ही सर्वांत जुनी कॅमेऱ्यातील निगेटिव्ह.

उलटे चित्र हा दोष, असे कोणालाही वाटले असते. टॅलबटला त्यातच लाभ दिसला. काळ्यापांढऱ्याचा हा उलटा कागद दुसऱ्या कोऱ्या कागदावर ठेवून पुन्हा उन्हात धरला, तर उलट्याचे उलटे होऊन चित्र सुलटे होईल, आणि असे कितीही वेळा करता येईल. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर एकाच्या नावे पडते तेच दुसऱ्याच्या जमेस येते. येथे अस्सल तो उलटा कागद, जो भिंतीवर कोणी टांगत नाही. माणसे पाहतात, जपतात, भेट देतात त्या साऱ्या नकला.

मात्र टॅलबटने हे सारे जाहीर केले नाही आणि दुसऱ्या कामांत तो गुंतून गेला. जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसहून लुई दागेरच्या शोधाची वार्ता आली, तेव्हा त्याची धावपळ झाली. २५ जानेवारीस त्याने लंडनमध्ये आपले नमुने मांडले आणि ३१ जानेवारीस रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला गेला. दागेरचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे. आरशासारखे लखलखीत, केसन् केस दाखवणारे, पण एकच. त्याची प्रत निघत नसे. याच आठवड्यांत ज्योतिर्विद जॉन हर्शेल याने मोलाची भर घातली. आज आपण ज्याला हायपो म्हणतो, ते द्रव्य चांदीचे क्षार विरघळवते हे त्याने १८१९ मध्येच पाहिले होते. आता त्याने तेच चित्र पक्के करण्यासाठी वापरले आणि मिठापेक्षा कितीतरी भरवशाची सोय झाली. फोटोग्राफी हा शब्द त्यानेच रूढ केला, निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्दही त्याचेच.

पॅरिसमध्ये आणखी एक माणूस कागदावर काम करत होता. हिप्पोलिट बेयार हा अर्थखात्यातला कारकून. नोकरी सांभाळून त्याने स्वतंत्रपणे अशी पद्धत शोधली की आधी काळा केलेला कागद उजेडाने उजळत जाई आणि कॅमेऱ्यातून थेट सुलटे चित्र निघे. २४ जून १८३९ रोजी त्याने आपली तीस चित्रे एका धर्मादाय प्रदर्शनात लोकांपुढे ठेवली. दागेरचे रहस्य सरकारने १९ ऑगस्टला खुले केले, म्हणजे बेयार दोन महिने आधी. तरीही दागेरला वर्षाला ६,००० फ्रँक निवृत्तिवेतन मिळाले आणि बेयारची सहाशे फ्रँकांवर बोळवण झाली. ऑक्टोबर १८४० मध्ये त्याने स्वतःचा एक फोटो काढला: डोळे मिटलेला, उघड्या अंगाचा, बुडून मेलेला माणूस. आणि फोटोच्या पाठीवर लिहिले की हे बेयारचे प्रेत, सरकारने त्याला काही दिले नाही म्हणून बिचाऱ्याने पाण्यात उडी घेतली. प्रत्यक्षात तो पुढे अनेक वर्षे जगला आणि उत्तम फोटो काढत राहिला. कारकुनी पेशातल्या माणसाचा असा उपरोध वाचून हसावे की हळहळावे, हे कळत नाही. बेयारच्या पद्धतीत उणीव होती ती एकच. त्याचेही प्रत्येक चित्र एकटे होते, निगेटिव्ह नव्हती. पण चित्र कागदावर असल्याने त्याला निदान पाठीवर लिहिता तरी आले.

सप्टेंबर १८४० मध्ये टॅलबटला पुढची पायरी सापडली. तोवर चित्र दिसू लागेपर्यंत कागद कॅमेऱ्यात ठेवावा लागे, कधी तासभरही. आता त्याने कागदावर चांदी आणि आयोडीनचा थर देऊन, वापरण्यापूर्वी त्यावर सिल्व्हर नायट्रेट आणि गॅलिक आम्ल यांचे मिश्रण लावले. हे गॅलिक आम्ल मायफळापासून निघते. होय, आपल्या बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ. असा कागद मिनिटभर किंवा थोडा अधिक वेळ कॅमेऱ्यात ठेवून बाहेर काढला तर कोराच दिसे. पण त्यावर पुन्हा तेच मिश्रण फिरवले की अंधाऱ्या खोलीत चित्र हळूहळू वर येई. न दिसणारे चित्र आधीच कागदावर असते, त्याला फक्त प्रकट करायचे असते, हे तत्त्व पुढील दीडशे वर्षांच्या फिल्मचा पाया ठरले. या पद्धतीला त्याने कॅलोटाइप हे नाव दिले.

फेब्रुवारी १८४१ मध्ये टॅलबटने कॅलोटाइपचे पेटंट घेतले. धंद्यातल्या वाचकांना येथील हिशेब विचार करण्याजोगा वाटेल. परवान्याची फी जबर होती, त्यामुळे इंग्लंडमध्ये कागदी फोटोग्राफी काही हौशी धनिकांपुरतीच राहिली. पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हते, तेथे मात्र एडिंबरा येथील हिल आणि ॲडमसन यांनी १८४३ पासून चार-पाच वर्षांत कॅलोटाइपचे सर्वोत्तम काम करून दाखवले. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन निगेटिव्ह करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि पेटंट घेतलेच नाही. सारे जग त्याच्या रीतीने काम करू लागले, आर्चर मात्र १८५७ मध्ये कफल्लक अवस्थेत वारला आणि त्याच्या कुटुंबासाठी वर्गणी काढावी लागली. एकाने दार लावून घेतले, दुसऱ्याने सताड उघडे ठेवले. पदरात दोघांच्याही फारसे पडले नाही. न्याय्य भाव कोणता, हे त्या बाजारात कोणाला ठरवता आले नाही.

निगेटिव्ह काचेवर गेली तरी प्रत कागदावरच निघत राहिली. १८५० मध्ये फ्रान्सच्या ब्लँकार-एव्हरार याने अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद आणला. चित्र कागदाच्या तंतूंत न मुरता या चकचकीत थरात राही, म्हणून रेषा स्वच्छ येत. पुढे चाळीसएक वर्षे जगातील बहुतेक फोटो याच कागदावर छापले गेले. ज्या घरांचा उंबरठा अंड्याने कधी ओलांडला नाही, त्या घरांच्या दिवाणखान्यात पणजोबांचे जुने चित्र त्याच थरावर उमटलेले असू शकते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. टॅलबटच्या पहिल्या कागदावर तो थर नव्हता, मीठ आणि चांदीच होती. पण इंग्लिश कागदाची खळ प्राणिज सरसाची असे, म्हणून तोही पूर्ण निर्दोष म्हणता येणार नाही. फ्रेंच कागदाला मात्र पिठाची खळ लावत. ही माहिती केवळ माहिती म्हणून घ्यावी. पणजोबांना भिंतीवरून उतरवण्याचे कारण नाही.

हिंदुस्थानात कागदी निगेटिव्हला काचेपेक्षा अधिक दिवस मागणी राहिली. बैलगाडीच्या प्रवासात काच फुटे, शिवाय ओला थर वाळण्यापूर्वी जागेवरच तंबू ठोकून चित्र धुवावे लागे. कागदाचे तसे नव्हते. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराच्या १८५१ च्या रीतीने मेण पाजलेला कागद आधी तयार करून ठेवता येई आणि मुक्कामावर पोचल्यावर सवडीने धुता येई. मुंबईत ऑक्टोबर १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांत होते. नारायण दाजी तर स्वतः कसलेले छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. त्याच वर्षी कंपनी सरकारने लष्करातील थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंचे फोटो घेण्यास पाठवले, आणि त्यांनी ते कागदी निगेटिव्हवर घेतले. नकाशे आणि चित्रे काढणाऱ्या माणसांपेक्षा कॅमेरा स्वस्त पडतो, असा कंपनीच्या संचालकांचा हिशेब होता.

आता अजिंठ्याकडे वळावे. जेम्स फर्ग्युसन यांनी लेण्यांचे महत्त्व विद्वानांपुढे मांडल्यावर भित्तिचित्रांच्या नकला करून घ्याव्यात असा आग्रह झाला आणि १८४४ मध्ये मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल यांची त्या कामी नेमणूक झाली. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. गिल गावात राहून, रानातून लेण्यांत ये-जा करून, जवळजवळ वीस वर्षे मूळ आकाराची तैलचित्रे करत राहिले. त्यांची आणि पारोची कथा मराठी वाचकाला ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या काव्यामुळे परिचित आहे. त्या कथेच्या गोडव्यामुळे गिल यांचे दुसरे काम मात्र झाकले गेले. अजिंठा गावातील पारोच्या कबरीवर १८५६ हे साल आहे, आणि सुमारे त्याच काळात गिल यांच्या हाती कॅमेरा आला.

कॅमेरा आल्यावर कुंचला का ठेवला नाही, असे कोणी विचारील. उत्तर चांदीच्या स्वभावात आहे. त्या काळचे चांदीचे थर फक्त निळ्या-जांभळ्या किरणांना चटकन दाद देत. तांबड्या आणि पिवळ्या रंगांना ते जवळजवळ आंधळे होते. अजिंठ्याची भिंत तर गेरू आणि पिवळ्या मातीच्या रंगांनी भरलेली, आणि लेण्यात उजेड अपुरा. तसला फोटो म्हणजे काळ्या कागदावर काळे डाग. म्हणून भित्तिचित्रांसाठी कुंचला आणि दगडी वास्तूसाठी कॅमेरा, अशी वाटणी आपोआप झाली. गिल यांनी अजिंठा आणि वेरूळच्या लेण्यांचे, स्तंभांचे, दर्शनी भागांचे फोटो काचेच्या निगेटिव्हवर घेतले. १८६४ मध्ये फर्ग्युसन यांच्या मजकुरासह ‘द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया’ हे त्यांच्या ७४ फोटोंचे पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले. फोटो छापखान्यात छापण्याची आजची सोय तेव्हा नव्हती. एकेक प्रत निगेटिव्हखाली कागद ठेवून छापायची, धुवायची, वाळवायची आणि हाताने पानावर चिकटवायची. शंभर प्रतींचे पुस्तक म्हटले तरी सात हजार चारशे वेळा तीच कृती.

तैलचित्रे लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीस आग लागली आणि तेथील गिल यांची चित्रे जळाली. दुसरीकडे असलेली चार-पाच तेवढी वाचली. आयुष्याची ऐन वर्षे ज्यात घातली, तो सारा माल एका गोदामात होता. गिल त्यानंतरही अजिंठ्याला परत आले, पण गेलेले काम पुन्हा होणे शक्य नव्हते. १८७९ मध्ये ते वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. जुन्या दफनभूमीतली ती कबर शोधायला फारसे कोणी जात नाही.

यावरून सरकारने काही बोध घेतला असेल, तर तो अपुरा. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह हिवाळ्यामागून हिवाळे अजिंठ्यात घालवून नवी चित्रे करत राहिले. तीही लंडनला साउथ केन्सिंग्टन येथे एकाच जागी ठेवली गेली आणि जून १८८५ मध्ये त्यांतली बरीच जळाली. उरलेल्या साधनांवरून ग्रिफिथ्स यांचे दोन खंडांचे पुस्तक १८९६–९७ मध्ये निघाले. गिल यांचे कॅनव्हास गेले, ग्रिफिथ्स यांचे पुष्कळसे गेले. गिल यांचे तळहाताएवढे कागदी फोटो मात्र आजही निरनिराळ्या देशांतील ग्रंथालयांत आहेत, कारण ते अनेक होते आणि विखुरलेले होते. कलेच्या दृष्टीने कॅनव्हास मोठे आणि फोटो किरकोळ, असेच त्या काळी कोणीही म्हटले असते.

आपल्या समाजातील वाचकांना विशेष जवळचे वाटेल असे नाव या कथेत यापुढे येते. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन जवाहिऱ्याच्या घरी झाला. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीस लागले. कॅमेरा त्यांनी १८७४ मध्ये, म्हणजे तिशीत, हाती घेतला. स्थिर सरकारी नोकरी सोडून नव्या धंद्यात पडणे सोपे नसते. त्यांनी ते केले आणि पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब मिळवला. सिकंदराबादला त्यांचा मोठा स्टुडिओ होता, पडद्यातील स्त्रियांसाठी हैदराबादला स्त्री छायाचित्रकाराच्या हाताखाली वेगळा स्टुडिओ होता, आणि १८९६ मध्ये मुंबईलाही त्यांनी शाखा काढली. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या मुलखात असल्याने बीबी का मकबरा, दौलताबाद आणि वेरूळ त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आले. वेरूळच्या लेण्यांत ते उभे राहिले, तेव्हा तेथील इंद्रसभा त्यांना इतर कोणा प्रवाशाला वाटली असेल त्याहून निराळी वाटली असणार.

जवाहिऱ्याच्या मुलाला हा धंदा परका नव्हता, असेही म्हणता येईल. कागद जागा करायचा तो चांदीने, आणि छापून झालेल्या चित्राला सोन्याच्या क्षाराचे पाणी द्यायचे, म्हणजे विटकरी छटा जाऊन जांभळट तपकिरी रंग येतो आणि चित्र अधिक टिकते. सराफ्यात दुकानांपुढची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे लोक असतात. तसेच मोठे स्टुडिओ कागदाची कात्रणे आणि वापरलेले पाणी साठवून त्यातली चांदी परत मिळवत. दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. त्यांच्या स्टुडिओच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. अस्सल तेथे सुरक्षित आहे. त्यावरून नवी प्रत आजही काढता येते.

घरोघरच्या फोटोंची गोष्ट अशी नाही. स्टुडिओ बंद पडले, निगेटिव्ह भंगारात गेल्या आणि भिंतीवरची ती एक प्रतच आता अस्सल होऊन बसली आहे. जुने कागदी फोटो फिकट का होतात, हा प्रश्न आरंभापासूनचा आहे. १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने त्यासाठी खास समिती नेमली, राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी खर्चाला पन्नास पौंड दिले. समितीने दोषी ठरवले ते मुख्यतः नीट न धुतल्याने कागदात उरलेल्या हायपोला आणि ओलसर, गंधकयुक्त हवेला. धुण्याची चूक आता दुरुस्त होण्यासारखी नाही. दमट हवा आणि ऊन यांचे मात्र आपल्या हाती आहे.

गुलमंडीपासून शहागंजपर्यंतच्या कितीतरी दुकानांत संस्थापकांचा फोटो गल्ल्याच्या वर, ट्यूबलाइटच्या शेजारी टांगलेला असतो. रोज उदबत्तीचा धूर, सणाला ओला हार. श्रद्धा खरी आहे, पण तिने चित्राचे आयुष्य घटते. अशा फोटोची चांगली नक्कल काढून ती भिंतीवर लावावी आणि अस्सल काढून घरी, कपाटाच्या कोरड्या खणात, स्वच्छ सुती कागदात गुंडाळून ठेवावा. माळा आणि तळघर टाळावे. पावसाळ्यात मराठवाड्यातील घरेही दमट होतात. प्लास्टिकचे आवरण घालून लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा निघत नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकट त्याचा फोटो घ्यावा. मोबाइलवर घेतलेली प्रत एकाच मोबाइलमध्ये ठेवू नये. ती दुसऱ्या गावच्या भावाला, दिलेल्या मुलीला पाठवून ठेवावी. कुटुंब विखुरलेले असणे येथे उपयोगी पडते.

आणि नावे. वारशाच्या वाटणीत, जुन्या वाड्याची विक्री होताना, पेटीतून चाळीस-पन्नास फोटो निघतात आणि पगडी घातलेला मधला माणूस पणजोबा की त्यांचे व्याही, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. खातेदाराचे नाव नसलेले खाते जसे कोणाच्याच कामाचे नाही, तसे ते चित्र. घरात ऐंशीच्या पुढची एखादी आजी, आत्या, काकी असेल तर या चातुर्मासातच तिच्याजवळ बसून घ्यावे. शाईने किंवा बॉलपेनने लिहू नये, शाई कागदातून पुढे उतरते आणि टोकाचा वळ चेहऱ्यावर उमटतो. फोटो कठीण, स्वच्छ फळीवर पालथा ठेवावा, मऊ शिसपेन्सिल घ्यावी, आणि पाठीच्या कडेला हलक्या हाताने नाव, गाव आणि ठाऊक असेल तर साल लिहावे. डावीकडून उजवीकडे, बसलेले आधी, उभे असलेले नंतर.